औषधांच्या गोदामातील वायफायची तपासणी : फोंड्यातील एक अनुभव

2025 च्या जून ते नोव्हेंबर या काळात आम्ही आमच्या व्यवसायातील वायफायची सविस्तर तपासणी करून घेतली. आमचा औषधांचा घाऊक व्यापार आहे. कार्यालय आणि गोदाम गोव्यात, फोंड्याजवळच्या कुर्टीला एकाच आवारात, पण दोन वेगळ्या इमारतींत आहेत. व्यवसाय माझे काका चालवतात आणि हिशोब, बिलिंग व संगणकाची कामे माझ्याकडे असतात. मी अभियंता नाही. तपासणीला सुरुवात करण्यापूर्वी माहिती शोधली, तेव्हा कोणता राउटर घ्यावा हे सांगणारे पुष्कळ सापडले; परंतु आहे ती व्यवस्था पुरेशी आहे की नाही हे ठरवायचे कसे, हे मराठीत कोणी सांगितलेले आढळले नाही. म्हणून घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

आमचे वायफाय 2016 मध्ये बसवले होते. तेव्हा तीन संगणक आणि एक प्रिंटर एवढाच पसारा होता. कार्यालयात एक राउटर आणि गोदामाच्या दारापाशी त्याचाच सिग्नल पुढे फेकणारा एक रिपीटर. त्यानंतरच्या वर्षांत कामाचे स्वरूप पालटले. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस बंधनकारक झाले, म्हणजे सरकारी पोर्टलकडून क्रमांक आल्याशिवाय बिल पक्के होईना. त्याच तारखेपासून देशातील तीनशे प्रमुख औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला, आणि माल घेताना हाताने बॅच क्रमांक लिहिण्याऐवजी स्कॅनर वापरणे सोयीचे ठरले. इन्सुलिन आणि लसींच्या फ्रीजमध्ये 2 ते 8 अंश तापमान राखावे लागते. त्याची नोंद ठेवणारे यंत्रही वायफायवर आले. मग कॅमेरे आले, डिलिव्हरीच्या मुलांचे फोन आले. यांपैकी प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे आली, आणि या सगळ्यांचा एकत्रित भार जुन्या राउटरला पेलतो का, हा प्रश्न विचारण्याची वेळ कोणत्याही एका खरेदीच्या वेळी आली नाही.

जूनमध्ये तक्रारी वाढल्या. अडचण अशी की प्रत्येक तक्रार 'नेट गेले' याच दोन शब्दांत येत असे. स्कॅनर अडकला तरी नेट गेले, पोर्टल बंद असले तरी नेट गेले, प्रिंटरने कागद ओढला नाही तरीही नेटच गेले. पाऊस लागला की वायफाय बिघडते, असे गोदामातील सर्वांचे ठाम मत होते. काकांचे म्हणणे वेगळे होते. "माझ्या टेबलावर तर व्यवस्थित चालते," असे ते म्हणत, आणि ते खरेच होते, कारण राउटर त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर होता.

म्हणून 1 जुलैपासून काउंटरवर एक वही ठेवली आणि प्रत्येक अडचणीची वेळ, जागा, यंत्र आणि त्या वेळी चाललेले काम एवढ्या चारच गोष्टी लिहायला सांगितल्या. पहिले काही दिवस कोणी लिहीत नव्हते. मग गोदाम सांभाळणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मनावर घेतले आणि वही भरू लागली. महिन्याअखेरीस तिच्यात स्पष्ट आकृतिबंध दिसला : बहुतेक नोंदी सकाळी साडेदहा ते बारा आणि दुपारी चारनंतरच्या होत्या, आणि जागा बहुतांशी गोदामाच्या मागच्या दोन रांगांमधील होत्या. कोरड्या दिवशीही नोंदी होत्या आणि मुसळधार पावसाच्या काही दिवशी एकही नव्हती. पुढे मोजमापाला आलेल्या अभियंत्यांनी सर्वांत आधी ही वहीच मागून घेतली. ज्यांना अशी तपासणी करायची आहे त्यांनी एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी अशी वही महिनाभर ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी एक साधी चाचणी केली, जी कोणालाही करता येईल. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून एकीतून आपल्याच राउटरला आणि दुसरीतून बाहेरच्या एखाद्या प्रसिद्ध पत्त्याला सतत पिंग, म्हणजे उत्तर मागणारा छोटा संदेश, पाठवत ठेवायचे. राउटरकडून उत्तर वेळेवर येत असेल आणि बाहेरून येत नसेल, तर दोष इंटरनेट पुरवठ्याचा. राउटरकडूनच उत्तर अडखळत असेल, तर दोष आपल्या छपराखालचा. मागच्या रांगेत उभे राहिल्यावर राउटरचेच उत्तर कधी काही मिलिसेकंदांत, कधी सेकंदभराने येई, आणि अधूनमधून येतच नसे. बाहेरच्या लाइनला दिला जाणारा दोष बहुतेक वेळा अनाठायी होता, हे त्याच दिवशी कळले.

लाइनचीही परीक्षा घेतली, पण ती वायफायवरून नव्हे. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून. आमची योजना 200 एमबीपीएसची (सेकंदाला 200 मेगाबिट) होती आणि आकडा मात्र दिवसाच्या कोणत्याही वेळी 94 च्या आसपासच थांबत होता. इतका स्थिर आकडा हीच खूण असते. जुन्या राउटरची केबल जोडण्याची दारेच (पोर्ट) 100 एमबीपीएसची होती आणि त्यातून माहिती पाठवण्याच्या व्यवस्थेतच खर्ची पडणारा भाग वजा जाता 94-95 एवढाच वेग मिळू शकतो. पुरवठादार जोडणीच्या डब्यापर्यंत पूर्ण 200 देत होता. तो पुढे जायला वाट नव्हती. आपल्याकडे असा आकडा आला तर पुरवठादाराशी वाद घालण्यापूर्वी राउटरच्या दारांची क्षमता आणि केबलच्या आतील तारांच्या चारही जोड्या नीट जोडलेल्या आहेत का, हे पाहावे. दोनच जोड्या लागलेल्या असल्या तरी वेग 100 वरच अडकतो.

सकाळच्या गर्दीतील तक्रारींचे मुख्य कारण मात्र राउटरच्या आतील यादीत सापडले. राउटर प्रत्येक यंत्राला एक अंतर्गत पत्ता देतो. आमच्या राउटरवर असे केवळ पन्नास पत्ते राखलेले होते आणि दिलेला पत्ता चोवीस तास त्या यंत्राच्या नावावर राहत असे. साडेदहानंतर औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, माल आणणारे चालक आणि किरकोळ दुकानांची माणसे येऊ लागत. भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड 2016 पासून तोच असल्याने आवारात पाऊल टाकताच प्रत्येकाचा फोन आपोआप जोडला जाई. माणूस दहा मिनिटांत निघून जाई आणि पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडवून ठेवी. पन्नास संपले की त्यानंतर सुरू होणाऱ्या स्कॅनरला पत्ताच मिळत नसे, आणि स्कॅनरच्या पडद्यावर सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसत असूनही काम होत नसे. हे कळल्यावर पत्त्यांची संख्या वाढवली, मुदत दोन तासांवर आणली आणि पासवर्ड बदलला. खर्च शून्य. सकाळच्या नोंदी निम्म्याहून कमी झाल्या, आणि मागच्या रांगांच्या तशाच राहिल्या.

त्यानंतर मी एका कागदावर गरजा मांडल्या : कोणते काम, कुठे, किती यंत्रांवर, आणि खंड पडल्यास काय बिघडते. हा कागद तयार करणे हेच मला सर्वांत उपयुक्त वाटले. स्कॅनरला वेग जवळजवळ लागतच नाही. एका स्कॅनमागे जाणारी माहिती अत्यल्प असते, पण तो गोदामात चालत असताना जोडणी तुटता कामा नये. ई-इनव्हॉइसलाही वेग फारसा लागत नाही. तापमान नोंदवणारे यंत्र थोडा वेळ तुटले तरी स्वतःच्या स्मृतीत नोंदी साठवते आणि नंतर पाठवते. सर्वांत अधिक भार कॅमेऱ्यांचा होता. प्रत्येक कॅमेरा दिवसभर अखंड दोन ते चार एमबीपीएस हवेतून पाठवत होता आणि त्यातील एकही कॅमेरा जागचा हलत नव्हता. जे यंत्र हलत नाही ते केबलवर टाकावे आणि हवा चालत्याफिरत्या यंत्रांसाठी मोकळी ठेवावी, हे त्या कागदावरून उघड दिसत होते. आमचा प्रश्न वेगाचा फार थोडा होता. तो पोहोच आणि सातत्य यांचा होता.

हा कागद घेऊन मी कोटेशने मागवली. एकाने जागा न पाहताच फोनवरून क्षेत्रफळ विचारून सर्व काही बदलण्याचे दोन लाख पंच्याऐंशी हजारांचे कोटेशन पाठवले. दुसरे गृहस्थ आले, फोनवरील रेघा पाहत गोदामात फेरी मारून गेले आणि चवथीनंतर कळवतो म्हणाले. तिसऱ्याने आधी मोजमाप करण्याचे बारा हजार रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे चौदा हजार एकशे साठ रुपये मागितले, आणि यंत्रे कोणाकडूनही घ्या, अहवाल तुमचाच राहील, असे लेखी दिले. "नुसते मोजायचे एवढे पैसे?" काकांनी विचारले. मी पहिले कोटेशन त्यांच्यापुढे ठेवले आणि यातील नेमके काय आपल्याला लागणार आहे हे कसे ठरवणार, एवढेच म्हटले. ते काही बोलले नाहीत, पण धनादेशावर सही केली. 27 ऑगस्टला चतुर्थी होती. त्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस कोणाकडूनही कामाची अपेक्षा करणे व्यर्थ होते. मोजमाप सप्टेंबरच्या उत्तरार्धात ठरले.

आणि तेव्हाच जीएसटीचे दर बदलले. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरील कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, काही जीवनरक्षक औषधांवरचा पूर्णच गेला. ग्राहकांसाठी ही चांगली बातमी होती. घाऊक विक्रेत्यांसाठी तो पंधरवडा विलक्षण धावपळीचा ठरला. शिल्लक मालाची मोजणी, कंपन्यांकडून येणाऱ्या सुधारित किमतींच्या याद्या, दुकानदारांचे परत येणारे फोन, बिलिंगच्या संगणकप्रणालीतील बदल, हे सारे एकाच वेळी अंगावर आले. मी मोजमाप पुढे ढकलण्यासाठी फोन केला, तेव्हा त्या अभियंत्यांनी उलट विनंती केली की, अडथळा होणार नसेल तर याच गर्दीत येऊ द्या. वर्षातील सर्वाधिक भाराच्या दिवशी जाळे कसे वागते हे पाहण्याची अशी संधी पुन्हा मिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पटले. म्हणून मोजमाप दोनदा झाले : एकदा त्या गर्दीत, आणि एकदा ऑक्टोबरातील एका रविवारी, गोदाम बंद असताना.

सिग्नलची ताकद डीबीएम या एककात मोजतात आणि आकडे उणे असतात. शून्याच्या जवळ तितका सिग्नल चांगला, आणि दर तीन अंकांनी शक्ती निम्मी होते. चालत्या स्कॅनरसाठी उणे 67 किंवा त्याहून चांगला आकडा हवा, असा या क्षेत्रातील रूढ ठोकताळा आहे. कार्यालयात उणे 45 ते 50 मिळत होते. गोदामाच्या दारातून आत गेल्यावर उणे 62, आणि मागच्या रांगांत उणे 79 ते 84. चिऱ्याची जाड भिंत, त्यात पावसाळ्यात मुरलेला ओलावा आणि पुढे लोखंडी रॅक, यांच्यामुळे सिग्नल पडणे अपेक्षितच होते. मला आश्चर्य वाटले ते एका वेगळ्याच आकड्याचे. सलाइनच्या खोक्यांची थप्पी जिथे छतापर्यंत गेली होती, तिच्या मागे उभे राहताच आकडा झपकन खाली येत होता. पाणी हे सूक्ष्मलहरी शोषून घेते. सलाइन म्हणजे मिठाचे पाणीच. रविवारच्या मोजमापापर्यंत त्यातील बराच माल रवाना झाला होता, आणि त्याच जागी आकडा नऊ अंकांनी सुधारलेला होता. भिंती जागच्या जागी असतात, पण आमच्या व्यवसायात मालही भिंतीसारखाच वागतो आणि तो रोज हलतो. त्यामुळे रिकाम्या गोदामात केलेल्या मोजमापावर विसंबून यंत्रांच्या जागा ठरवू नयेत. औषधांच्या जागी रंग, तेल किंवा शीतपेये असली तरी हीच काळजी घ्यावी लागेल.

प्राथमिक मोजमाप स्वतः फोनवर करायचे असल्यास एक बारकावा ध्यानात ठेवावा. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा आसपासचे वायफाय शोधता येते, त्यामुळे आपण चालत पुढे जातो आणि पडद्यावर मागचाच आकडा दिसत राहतो. दहाव्या आवृत्तीपासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हे बंधन काढण्याची सोय आहे. ती वापरावी, नाहीतर प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबावे. शिवाय महागड्या फोनपेक्षा स्कॅनरचा अँटेना दुबळा असतो. आमच्या स्कॅनरवर त्याच जागी चार ते सहा अंक कमी येत होते. ज्या यंत्राने काम करायचे, त्याच यंत्राने मोजावे.

वायफाय ज्या लहरींवर चालते त्यांतील 2.4 गिगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. आमचा रिपीटर दुप्पट रुंदीचे चॅनेल वापरून त्यातील मोठा भाग एकटाच अडवत होता, आणि रिपीटर एकाच रेडिओवर ऐकून पुन्हा बोलतो म्हणून उपलब्ध वेगही निम्मा होत होता. शेजारच्या आस्थापनांचे सिग्नल होते ते वेगळेच. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा जवळजवळ मोकळा होता. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्याचा बराच विस्तृत भाग परवानामुक्त केला, परंतु आमचा राउटर त्याआधीचा असल्याने त्याला तो लाभ नव्हता. मात्र तापमान नोंदवणारी यंत्रे केवळ 2.4 वरच चालतात, म्हणून जुना पट्टा बंद करण्याचा विचार सोडून द्यावा लागला. 6 गिगाहर्ट्झचा काही भाग परवानामुक्त करण्याचा मसुदा मे 2025 मध्ये निघाला होता. पण आमच्याकडील एकही यंत्र तो पट्टा वापरू शकत नाही, त्यामुळे त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नव्हता.

सुरक्षिततेची बाजू मी यादीत शेवटी ठेवली होती. अभियंत्यांनी ती वर आणली. राउटरच्या उत्पादकाने सॉफ्टवेअरच्या सुधारणा पाठवणे कधीच थांबवले होते. बिलिंगचा संगणक आणि आलेल्या पाहुण्याचा फोन एकाच जाळ्यात होते. शिवाय सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांसह अनेक प्रकारच्या संस्थांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी 180 दिवस जपायच्या आहेत, घड्याळे ठरावीक सर्व्हरशी जुळवून ठेवायची आहेत आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवायच्या आहेत. आमचा राउटर वीज गेली की सगळ्या नोंदी पुसून टाकत असे. भागीदारी संस्थेला यातील नेमके काय लागू होते हे आम्ही आमच्या सल्लागारांना विचारले; त्यांनी वाद न घालता नोंदी ठेवायला सांगितले, कारण ठेवण्याचा खर्च नगण्य आहे.

अहवाल यायला ऑक्टोबरचा मध्य उजाडला. त्यात नकाशावर आकडे, यंत्रांची यादी आणि तीन रकाने होते : ठेवावे, बदलावे, आता नको. इंटरनेटची लाइन, कॅमेरे आणि स्कॅनर 'ठेवावे' मध्ये होते. चार नवीन ॲक्सेस पॉइंट (केबलला जोडून वायफायचा सिग्नल देणारी यंत्रे) शेहेचाळीस हजार, केबलमधूनच त्यांना वीज देणारा स्विच नऊ हजार आठशे, केबल आणि मजुरी एकवीस हजार, दोन इमारतींमधील फायबर व त्याची जोडयंत्रे आठ हजार सातशे. जीएसटी धरून एक लाख आठशे नव्वद रुपये. या कराची वजावट आम्हाला मिळते, ज्यांना मिळत नाही त्यांनी पूर्ण रक्कम धरावी. राउटर या यादीत नव्हता, कारण गिगाबिट दारांचा एक राउटर पुरवठादाराकडून योजनेच्या नूतनीकरणात मिळाला. खरेदी करताना यंत्राला दूरसंचार विभागाची ईटीए (उपकरणाच्या प्रकाराची) मान्यता आहे का हे विचारावे, आणि प्रशासकाचा पासवर्ड व यंत्रे इंटरनेटवरून सांभाळण्याचे क्लाउडचे खाते संस्थेच्या नावावर लिहून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी ते बसवणाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर राहते.

काम दिवाळीनंतर झाले. इमारतींमधील जुनी तांब्याची केबल उघड्यावरून गेलेली होती आणि पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडली की तिच्या टोकाचे एखादे दार जळत असे. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून तेथे फायबर घातले. ॲक्सेस पॉइंट रॅकच्या वरच्या अंगाला, दोन रांगांमधील वाटेवर टांगले, रॅकच्या पाठीमागे नाही. त्यांची शक्ती मुद्दाम कमी ठेवली, कारण ती जास्त असली की स्कॅनर जवळचा पॉइंट सोडून लांबच्यालाच चिकटून राहतो. स्विच आणि राउटर एका यूपीएसवर असल्याने वीज गेली तरी सगळे पॉइंट चालू राहतात. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे आहे आणि त्याचा पासवर्ड दर महिन्याला बदलतो; प्रतिनिधींनी थोडी कुरकुर केली.

नोव्हेंबरच्या मध्यावर, भर कामाच्या वेळी पुन्हा मोजले. मागच्या रांगांत उणे 58 ते 64 आहे. फ्रीजच्या खोलीत अजूनही उणे 71 आहे, पण तेथील यंत्राला तेवढे चालते, म्हणून पाचवा पॉइंट घेतला नाही. काउंटरवरील वही चालू ठेवली आहे आणि तिच्यातील नोंदी आता बहुतांशी ई-इनव्हॉइसचे पोर्टल आणि प्रिंटर यांच्या असतात. दुसऱ्या पुरवठादाराची राखीव लाइन घ्यावी का, हा प्रश्न अहवालात 'आता नको' या रकान्यात होता. योजनेचे पुढचे नूतनीकरण येईल तेव्हा वहीतील नोंदी समोर ठेवून त्याचा निर्णय घेऊ.